वर्तुळातला लाल ठिपका

माझ्या बहिणीचा नवरा वीगर खिशात लेझर घेऊन फिरतो. कंपनीत नकाशे दाखवायला मिळालाय म्हणतो. आईच्या मांजरीची, पुकची, वाट त्यानेच लावली.

आई द्राख्तन गावी, वृद्धांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. तिथे मांजर पाळता येते, पण दाराबाहेर सोडायची नाही, आणि कुणाला इजा झाली तर मांजर जाणार. पुकचं जग म्हणजे दोन खोल्या आणि खिडकी. त्या जगात वीगर दर रविवारी लाल ठिपका सोडायचा. पुक धावायची, झडप घालायची, पंजा उचलून बघायची, खाली काही नाही. हिवाळा संपेतो ती तासन्‌तास भिंतीकडे बघत बसू लागली आणि स्वतःची शेपटी चावून सोलली.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आईला समजावलं, "उजेड पकडता येत नाही हो. शिकार हाती लागली नाही की तिच्या जिवाला चैन पडत नाही. शेवटी काहीतरी दातांत येऊ द्या, मग खाऊ द्या."

आईने जुन्या मोज्याचा उंदीर शिवून काठीला बांधला. रोज सकाळी दहा मिनिटं खेळ, शेवटी उंदीर पुकच्या तोंडात, वर हेरिंग माशाचा तुकडा. शेपटीवर केस आले. आईसुद्धा फोनवर पुन्हा बडबडायला लागली.

मग आईचा ऐंशीवा वाढदिवस आला. गोल मांडलेल्या खुर्च्या, इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, केकचा एकेक तुकडा झाला आणि बोलणं संपलं. वीगरने खिशात हात घातला.

"नको रे," आई म्हणाली.

"एकदाच, आई. पाहुणे कंटाळलेत!"

मी शेजारीच होते. त्याच्या हातातून तो लेझर हिसकावायला किती वेळ लागला असता? पण वर्तुळात बसून कुणी कुणाचा विरस करत नाही. मी कॉफी ढवळत राहिले.

पुक गरगर फिरली. आईने मोज्याचा उंदीर टाकला, तिने ढुंकून पाहिलं नाही. लोक पोट धरून हसले, तसा वीगरला चेव आला. त्याने ठिपका आईच्या नडगीवर धरला. पुकने मोज्यासकट मांस फाडलं. आई रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेते. गालिचा भिजला.

"मांजर पिसाळलंय," बहीण हिलके म्हणाली. "आता इमारतवाले ठेवू देणार नाहीत."

"तिला नका नेऊ गं," आई म्हणाली. "मी पाय झाकून बसेन."

तीन दिवसांनी पुकला बेघर प्राण्यांच्या निवाऱ्यात पोचवलं. गाडी मी चालवली. इमारतवाल्यांना डोळ्यांत बोट घालून सांगायला हवं होतं की चावली ती वीगरच्या मूर्खपणामुळे. नाही सांगितलं.

त्यानंतर आई खिडकीशी बसून राहायची. फोन उचलायची, बोलायची नाही. पुढे नावंही विसरली.

यंदा एक्क्याऐंशीवा. त्याच खुर्च्या. आई गालिच्याकडे बघत होती. वीगरने तिच्या सपातेपुढे ठिपका टाकला.

आईने पाय ठेवला. पाय उचलून बघितलं. ठिपका सरकला, तिचा पाय मागोमाग.

"बघा, म्हातारी अजून चपळ आहे!" वीगर म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले, लाज वाटत असताना हसले.

ठिपका फिरत फिरत माझ्या मांडीवरच्या हातावर आला. आईने झडप घालून माझं मनगट पकडलं. नखं रुतली.

"सापडला," ती म्हणाली. वर्षभरात तिचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता.

वीगरने बटण सोडलं.

आईने माझं एकेक बोट उलगडून आत बघितलं, मग हात उलटा करून बघितला. आणि हळूच, कुणी रागावेल अशा भीतीने, माझा हात होता तिथे परत ठेवला.