भूमच्या फुटबॉलला मोटेचं तेल

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे. स्वतःला गोल म्हणवून घेण्याचे माझे दिवस सरले. जन्म सियालकोटचा. अंगावर चामडं, पोटात रबरी ब्लॅडर, तोंडाला नाडी. निजामाच्या राज्यात आधी हैदराबादच्या एका संघात लागलो. तिथं जुना ठरलो म्हणून धाराशिवला, मग तुळजापूरला आणि चव्वेचाळीस साली भूमला आलो. प्रत्येक बदलीत गाव लहान होत गेलं आणि मैदानातले दगड मोठे. पण खेळायला मिळालं, हे उपकारच.

भूमचा संघ दरवर्षी शेजारच्या वाशी गावाकडून हरायचा. त्या साली सामन्याच्या तोंडावर माझी शिवण उसवली. कप्तान उत्तरेश्वर मला गोरोबाकाकांकडे घेऊन गेला. काका विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी मोटा शिवत.

"काका, उद्याच्यापुरता शिवा. हारलो तर ह्याच्या मला चपला करा."

मी हादरलो, पण तोंडाला नाडी होती.

काकांनी मोटेच्या जाड दोऱ्यानं मला शिवलं आणि मोटेसारखंच दिवसभर करंजाच्या तेलात बुडवून ठेवलं.

"थेंब गळायचा न्हाय आता."

"आवो काका, ह्यात पाणी न्हाय, हवा असती!"

"जी शिवण पाणी अडवती, ती हवा सोडती व्हय?"

सामन्यात वाशीच्या उंच बलभीमनं मला पहिल्यांदा डोक्यानं मारलं आणि तो खालीच बसला.

"आरं, चेंडू हाय का पाटा?"

मग कुणी डोकं पुढं केलं नाही. शेवटच्या घटकेला मात्र बलभीमनं मला जोरात लाथ घातली. भूमचा गोलकीपर भलत्याच बाजूला झेपावला. मी मोकळ्या गोलाकडे गडगडत निघालो आणि चपला दिसू लागल्या. पण तेलकट अंगाला माती चिकटत गेली, वेग मंदावला, आणि रेषेच्या चार बोटं अलीकडे मी थांबलो. शिट्टी झाली. शून्य-शून्य!

गोरोबाकाका चामडं कापायची रापी परजून आले. "कापू का?"

"कशापायी? हारलो का आपण?" उत्तरेश्वरनं मला पोटाशी धरलं. नवा सदरा तेलानं माखला.

"मंग चपला?"

"ऱ्हाऊ द्या. अनवाणी बरं वाटतंय."

त्यानंतर मी आणखी चार वर्षं खेळलो. मित्रांनो, खेळ झाला की चेंडू पुसा, सावलीत ठेवा, उसवला तर शिवून घ्या. शिवणाऱ्याचा इलाज चुकीचा निघाला, तरी त्याच्यावर रागावू नका. मला तर योग्य इलाज करणारा कुणी भेटलाच नाही, म्हणून मी वाचलो.