वीतभर वर

मित्रांनो, मी खाडीचं पाणी मोजणारी एक जुनी लाकडी पट्टी. माझ्या अंगावर लाल आकडे आहेत, तोंड मात्र नाही. ते असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

विद्यापीठातली ऋतुजाताई समुद्राचं पाणी वर्षागणिक किती चढतं याचा अभ्यास करत होती. तिने मला रंगवलं, पेण स्टेशनवरून रिक्षात आडवं घातलं आणि वडखळच्या पुढच्या एका गावी आणलं. तिथे खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. त्याच्या पायथ्याशी, खाडीच्या अंगाला, तिने मला चिखलात रोवलं. अशा पट्ट्या तिने आसपासच्या गावांतही लावल्या होत्या; ज्या गावाचं पाणी जास्त चढेल, त्याचा बांध आधी उंच करायचा असं ठरलं होतं.

"मावशी, हिला जपा हं," ती शेजारच्या शेतातल्या हौसाबाईला म्हणाली. हलवू नका, एवढं सांगायचं राहिलं.

हौसाबाई दर अमावास्या-पौर्णिमेला भरतीच्या वेळी माझ्यावरचा आकडा वाचून फोनवर कळवायची. ताई शाबासकी द्यायची. मीही फुशारून उभी असायचे.

पहिल्याच पावसाळ्यात माझे खालचे आकडे गाळात गेले, अंगाला कालवं चिकटली. हौसाबाईचा जीव कळवळला. "विद्यापीठाची चीज हाय, अशी कुजून जायाची," असं नवऱ्याला, कान्हूला, म्हणत तिने मला उपटलं, घासलं आणि दगड रचून वीतभर वर उभं केलं.

मी वर गेले, म्हणून माझ्यावरचा आकडा खाली आला. पाणी उतरलं नव्हतं, उलट चढतच होतं.

"मावशी, तुमचं पाणी कमी झालंय!" ताई फोनवर आनंदाने म्हणाली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आमच्या बांधाचं नाव यादीत शेवटी गेलं.

"पानी काठाला लागतंय गो," कान्हू कुरकुरला.

"आपले डोले म्हातारे झाले. आकडा शिकलेल्यांचा हाय, तो खोटा नाय बोलनार."

मित्रांनो, मी खोटंच बोलत होते. दोन वर्षं, दर भरतीला. ओरडावंसं वाटायचं, पण लाकूड कधी ओरडतं का?

भादव्याच्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं आणि बांध फुटला. पोटरीला आलेला भात खाऱ्या पाण्यात बुडाला. आता दोन-तीन वर्षं त्या जमिनीत काही पिकायचं नाही. मी मात्र दगडांत घट्ट उभी राहिले, त्याची मला लाज वाटते.

ताई धावत आली. हौसाबाईने पदराने माझा चिखल पुसला.

"शेत गेलं गो. पन तुझी पट्टी वाचवली. वीतभर वर ठेवली व्हती ना, म्हनून."

"कधी ठेवलीत वर, मावशी?"

"दोन वर्सं झाली की."

ताईने दोन वर्षांच्या आकड्यांत मनातल्या मनात वीतभर मिळवली. पण खरं काय ते हौसाबाईला सांगायला तिचं मन धजेना.

मित्रांनो, आम्हाला नुसतं जपू नका. अधूनमधून येऊन बघा, आणि आमच्याशेजारी राहणारा माणूस पाण्याबद्दल काय म्हणतो तेही ऐका.

हौसाबाई अजूनही अमावास्येला येते. माझे आकडे लख्ख पुसते आणि म्हणते, "तू तरी राहिलीस गो." तेव्हा मला तोंड नाही तेच बरं वाटतं.