शांत खोलीचं फडकं

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. निदान होतो. आता मला फडकं म्हणतात, आणि ज्यांनी माझं फडकं केलं त्यांची मला अगदी किळस आली आहे.

बालवर्गाच्या बाईंनी मला जाड राखाडी कापडातून शिवलं आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यावर टांगलं. वर्गात एक मुलगी होती. मांजरीसारखी कोपरा शोधायची म्हणून सगळे तिला मनी म्हणायचे. आधीच्या शाळेने तिला घरी पाठवलं होतं. इथे तरी ती टिकेल ना, याचा तिच्या वडिलांना घोर लागलेला असे. गोंगाट वाढला की मनी कान दाबून माझ्यामागे यायची, माझा काठ बोटांत चोळत बसायची आणि थोड्या वेळाने आपली आपण बाहेर जाऊन चित्र रंगवायची. मला फार बरं वाटायचं.

मग शाळेच्या अध्यक्षांना अशा मुलांचा पुळका आला. त्यांनी 'शांत खोली' करायचं ठरवलं. बाईंना कुणी विचारलं नाही, मनीला तर नाहीच. भिंती भडक केशरी, त्यांवर दात विचकणारे प्राणी, छताला लुकलुकणारे दिवे. शी! वर्गातला कोपरा गेला आणि मला खाली काढून माझ्याच कापडाने नव्या फरशीवर सांडलेला रंग पुसला.

उद्घाटनाला बँड बोलावला होता. हो, शांत खोलीच्या उद्घाटनाला! फीत कापून अध्यक्षांनी मनीला फोटोसाठी आत ढकललं. ती किंचाळली. मी दाराशी बादलीत पडलो होतो. तिने मला तसंच ओलं, माखलेलं ओढून डोक्यावर घेतलं.

"अहो बाई, ते घाणेरडं फडकं काढा. फोटोत येतंय," अध्यक्ष म्हणाले.

"राहू द्या, साहेब. आधी तो बँड थांबवा."

"आणि पाहुणे काय म्हणतील?"

माझ्याखालून बारीक आवाज आला, "दिवा बंद."

बटण हाताशीच होतं. कुणी दाबलं नाही. अंधारात फोटो नीट येत नाही ना!

अध्यक्षांनी तिच्या वडिलांना बाजूला घेतलं. "हिच्यासाठी एवढं केलं आणि ही तमाशा करते. दुसरी शाळा बघा."

"ती त्या कोपऱ्यात ठीक होती हो, साहेब," वडील म्हणाले. मग त्यांनी तिला कडेवर घेतलं आणि ते निघून गेले.

त्या खोलीला आता कुलूप असतं. मुलं आत गेली तर भिंती मळतात म्हणे. मित्रांनो, कुणासाठी खोली कराल तर आधी त्यालाच विचारा. आणि तो सांगेल ते बटण तेवढं दाबा.