चिमटा

"मला हितंच उतरवा आन तुमी चौकात थांबा," पिकअपच्या हौद्यातून चांगदेव म्हणाला.

अमजदने खिडकीच्या ग्रिलवरचं वेल्डिंग थांबवलं आणि काळा चष्मा कपाळावर सरकवला. दोन गड्यांनी चांगदेवला काखेत धरून दुकानाच्या पायरीवर आणून बसवलं. पाय मागे राहिले होते. ते एकाने उचलून पुढे ठेवले, सामान ठेवावं तसे. मग त्यांनी एक हिरवी तीनचाकी उतरवली आणि पिकअप मागे घेत ते बोळाबाहेर गेले.

जुन्नरच्या या बोळात अमजद कागदीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची खोली, तिच्या मागे घर. चांगदेव इथे कधी आला नव्हता. दोघं शेवटचे समोरासमोर आले ते चौऱ्याण्णव साली, मंचरच्या दवाखान्यात. आता दोन हजार तीन चालू होतं.

"कसा हाईस?" चांगदेवने विचारलं.

"काम काय ते बोल."

"ही गाडी शिबिरात मिळाली. मला व्हत न्हाई. हाताचं पेडल फिरवलं की पोटाला घासतं, वळायला गेलं की मांडीवर येतं. जरा चढ लागला की जागची हलत न्हाई." त्याने घाम पुसला. "नारायणगावच्या मार्केटात टमाट्याच्या काट्यावर बसतो मी. रोज सकाळी कुणीतरी उचलून नेतंय, संध्याकाळी उचलून आणतंय. भावाची पोरं आता तोंडावर कुरकुरत्यात. मला माझं जायचंय, यायचंय."

"मग?"

"तू बनवून दे."

मागच्या दारात अमजदची बायको हाजराबी येऊन उभी राहिली होती. नवऱ्याशी ती घरच्या दखनीतच बोलायची. "कौनसे मूं से आया ये?" ती म्हणाली, चांगदेवला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि आत गेली.

एके काळी अमजदचं दुकान नारायणगावला, एसटी स्टँडजवळ होतं. लोक तयार सायकल घेण्याआधी त्याला विचारायचे, आणि बरेच जण मग तयार सायकल घ्यायचेच नाहीत. अमजद गिऱ्हाइकाला भिंतीला पाठ लावून उभं करायचा, पायांची आणि हातांची मापं घ्यायचा आणि विचारायचा, "वझं काय वाहणार? रस्ता कुठला?" दूधवाल्याच्या मागच्या चाकाला तो जाड तारा घालायचा. शिनोलीच्या ठेंगण्या नर्सबाईंना त्याने नळ्या कापून अशी बुटकी फ्रेम जोडून दिली होती, की साडी नेसून बसल्या तरी त्यांचे पाय जमिनीला टेकायचे. हब एकीकडचा, रिम दुसरीकडची, फ्रीव्हील आणखी कुठली. प्रत्येक वस्तू तो हातात फिरवून, कानाशी नेऊन मगच घ्यायचा. त्याचे आजोबा जुन्नरला हाताने कागद करायचे. तो धंदा कधीच बसला होता, पण वस्तू बोटांनी पारखायची खोड घरात राहिली होती.

सगळ्यांत जीव लावून त्याने बनवली ती चांगदेवची सायकल. दोघं शाळेपासूनचे. चांगदेव बागायतदाराचा मुलगा, अंगाने काटक, पाय लांब आणि धड आखूड. तयार रेसरवर तो हँडलपर्यंत नुसता ताणला जायचा, म्हणून अमजदने वरची नळी आखूड केली. चिमटा, म्हणजे ज्या दोन पायांत पुढचं चाक बसतं तो भाग, त्याने स्वतः घडवला. पोलादी नळ्यांत वाळू ठासली, कोळशावर लाल केल्या आणि घाई न करता वाकवल्या. त्या सायकलीवर चांगदेवने आसपासच्या शर्यती मारल्या. पाय चांगदेवचे आणि हात अमजदचे, असं लोक म्हणायचे. तेव्हा चांगदेवही म्हणायचा.

चौऱ्याण्णवच्या थंडीत घोडेगावच्या एका मंडळाने मोठी शर्यत ठेवली. घोडेगावहून निघायचं, शिनोली, डिंभे मागे टाकून वरचा चढ चढायचा आणि परत यायचं. पुण्याची मुलं येणार होती. चांगदेव दोन दिवस आधी पुण्याला गेला आणि जुन्या बाजारातून ॲल्युमिनियमचा एक परदेशी चिमटा घेऊन आला. पिसासारखा हलका.

अमजदने त्याला टिचकी मारली. आवाज घुमला नाही, बसका आला. त्याने चिमट्याच्या गळ्याशी नख फिरवलं. एका जागी नख अडलं.

"हा आपटलेला हाये. हितं चीर हाये."

"कुठंय? मला तर दिसंना."

"दिसायची न्हाई, हाताला लागतीय. मी हा बसवणार न्हाई."

"पुण्याची पोरं सगळी हलक्या गाड्यांवर येणार, राव. तुझा चिमटा म्हंजी नुसतं लोखंडाचं वझं."

हे अमजदला लागलं, पण तो नाहीच म्हणाला. हाजराबी तिथेच बसून मुलीला भरवत होती, तिच्यादेखत हे सगळं झालं. चांगदेव सायकल घेऊन घरी गेला आणि गोठ्यात बसून स्वतःच्या पान्यांनी त्याने जुना चिमटा काढला, नवा बसवला.

चढाला तो पहिला होता. परतताना शिनोलीच्या अलीकडच्या उतारावर चिमटा गळ्यातून तुटला. चांगदेव हँडलवरून पलीकडे मोरीच्या कठड्यावर जाऊन पडला. मणका गेला, आणि कमरेखालचं अंग त्या दिवसापासून त्याचं राहिलं नाही.

दवाखान्यात चांगदेव शुद्धीवर आल्यावर त्याच्या वडिलांनी, गेणभाऊंनी, एकच विचारलं. शर्यतींवरून त्यांचं आणि मुलाचं कित्येक दिवस बोलणं नव्हतं.

"चिमटा कुणी बसवला व्हता?"

"अमजदनं," चांगदेव म्हणाला.

अमजदला हे कळलं नव्हतं. तो मोसंबी घेऊन भेटायला गेला. चांगदेवने त्याला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दुखत असेल, असं अमजदला वाटलं. तो खाटेजवळ थोडा वेळ उभा राहिला, पिशवी खाली ठेवली आणि परत आला.

नंतर गेणभाऊ दुकानात आले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"पोलिसात जात न्हाई मी. पर तुज्या हातची गाडी हितून फुडं कोन घेतंय ते बघतो."

"मी नाय बसवला तो, गेणभाऊ. माझा चिमटा तुमच्या गोठ्यातच असंल. जाऊन बघा."

"लोळागोळा होऊन पडलाय पोरगा, त्याला खोटा पाडतोस?"

एवढं बोलून ते गेले. अमजदने आणखी दोघा-चौघांना खरं सांगून पाहिलं. लोक ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि दुसऱ्या दुकानात जायचे. काहींनी त्यात त्याची जात-जमातही आणली. त्या दिवसांची हवाच तशी होती. दूधवाले आधी गेले. मग मापं घ्यायला कुणी येईना. पंक्चर काढायला मात्र यायचे, कारण पंक्चरला विश्वास लागत नाही. शेवटी अमजदने स्टँडजवळची जागा सोडली, जुन्नरला बापाच्या पत्र्याच्या खोलीत आला आणि खिडक्यांचे ग्रिल, गोठ्यांचे गज जोडू लागला. हाजराबीने शिलाई मशीन मांडलं.

आता तो हिरव्या तीनचाकीभोवती एक फेरी मारून आला. बघायचं नव्हतं, तरी डोळे बघतच होते. पेडलाचा खांब फार जवळ, बैठक फार उंच, मागच्या दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांपासून फिरलेली.

"माझा चिमटा कुठंय?" त्याने विचारलं.

चांगदेव तीनचाकीच्या हिरव्या पत्र्याकडे बघू लागला.

"तो घेऊन ये. मग बनवतो. फुडचं चाक त्यातच बसंल."

आठवडाभर कुणी आलं नाही. अमजदला वाटलं, विषय संपला. मग एका दुपारी पिकअप पुन्हा आली. गड्यांना चौकात पाठवेपर्यंत चांगदेव मांडीवर पोत्याची गुंडाळी धरून बसून राहिला. अमजदने पोतं उलगडलं. चिमट्याला वरून गंज आला होता, पण सांधा जोडणारी पितळेची झाळ अजून सरळ आणि सारखी होती. त्याने हाजराबीला हाक मारली.

"हिच्यासमोर सांग."

चांगदेवने हाजराबीकडे पाहिलं, मग खाली. "मीच बसवला व्हता. ह्यानं न्हाई म्हनून सांगितलं व्हतं. आबांनी विचारलं तवा भ्यालो. वाटलं, म्हनतील, पोरानं सोताच्या हातानं करून घेतलं. मग एकदा बोललो ते बोललो." त्याने चिमट्याकडे बोट दाखवलं. "आबांना नंतर कळलं व्हतं. त्यांना गोठ्यात हा सापडला. त्यांनीच माळ्यावर टाकला. मला म्हनले, आता ह्यावर बोलू नगंस. मरस्तवर बोलले न्हाईत."

गेणभाऊ जाऊन दोन वर्षं झाली होती. अमजद चिमटा हातात धरून उभा राहिला. म्हातारा रस्त्यात भेटला की मान वळवून जायचा. तो राग आहे, असंच अमजद समजत आला होता. त्या वळवलेल्या मानेमागे काय होतं ते आता कळलं, आणि कळून काही उपयोगाचं राहिलं नव्हतं.

"मला कशाला सांगताय?" हाजराबी मराठीत म्हणाली. "मला तर पयल्यापासून ठाव हाये. मी तिथंच व्हते. बाजारात सांगा."

"सांगतो, भाबी. ही गाडी घेऊन मार्केटात जाईन तवा सांगतो. लोक इचारतीलच, कुणी बनवली."

अमजदने चांगदेवची पाठ भिंतीला टेकवली आणि त्याच्या हातांचं माप घेतलं. खांदे भरले होते, दंड जाड झाले होते. धड तेवढंच आखूड होतं.

त्यानंतरचे दिवस हाजराबीने नवऱ्याला गुणगुणताना ऐकलं. ग्रिलची कामं मागे पडली. तो पुण्याला जाऊन दोन हब घेऊन आला, त्यातला एक परत देऊन आला, पुन्हा दुसरा आणला. नळ्या पातळ घेतल्या, पण जिथे भार येणार तिथे आतून दुसरी नळी घातली. हाताच्या पेडलाचा खांब त्याने पुढे झुकवला, म्हणजे पोट सुटेल. मोठं फ्रीव्हील लावलं, म्हणजे चढाला हात भरून येणार नाहीत. बैठकीला पाठ दिली, तिला हाजराबीने आपणहून रेक्झिनची गादी शिवली. जुना चिमटा घासून, पाय थोडे रुंदावून, त्याने पुढे बसवला आणि सगळ्या गाडीला गडद निळा रंग दिला. तयार झाल्यावर त्याने तिन्ही चाकं उचलून एकेक फिरवून पाहिलं. एकही चाक आऊट नव्हतं, डगमगत नव्हतं.

चांगदेव गाडीत बसला, बोळातून चौकापर्यंत गेला, वळला आणि परत आला. त्याला धाप लागली नव्हती.

"बाजाराच्या दिशी ये माझ्यासंगं," तो म्हणाला. "नारायणगावला."

पिकअपने गाडी मार्केटच्या दारापर्यंत नेली. तिथून पुढे चांगदेव स्वतः निघाला, अमजद बाजूने चालत. टोमॅटोच्या जाळ्यांच्या थप्प्यांमधून, हमालांना चुकवत, ट्रकच्या मागून तो काट्यापर्यंत गेला. लोक वळून बघत होते. अमजदने धुतलेला शर्ट घातला होता. हाजराबीने तो काढून ठेवला होता.

मागच्या एका चाकात हवा जरा कमी वाटली. "थांब, पंप आणतो," म्हणून अमजद रस्त्यापलीकडच्या दुकानात गेला. हातपंप घेऊन तो परत येत होता तेव्हा जाळ्यांच्या थप्पीपलीकडून त्याला सावळेरामशेठचा आवाज आला. टोमॅटोचा मोठा व्यापारी, गेणभाऊंच्या उठण्या-बसण्यातला.

"काय गाडी हाये, चांगदेवा. लई भारी. कुणी बनवली?"

अमजद थप्पीशी थांबला.

हमाल जाळ्या आपटत होते. कुणीतरी काट्यावरचा आकडा ओरडून सांगितला. मग चांगदेवचा आवाज आला.

"पुण्याहून आणली."

"बरं केलंस बाबा. हितलं कुणाचं काय खरं न्हाई. एकदा भोगलंयस तू."

"व्हय."

सावळेरामशेठ पुढे निघून गेले. अमजद थप्पीच्या आडून बाहेर आला. चांगदेवने त्याला पाहिलं आणि त्याच्या हातातल्या पंपाकडे पाहिलं.

"अमजद, आता लगीच कसं... ते आबांचे दोस्त..." तो म्हणाला.

अमजद खाली बसला. त्याने चाकाला पंप लावला, हवा भरली, अंगठ्याने दाबून पाहिली, आणखी थोडी भरली. झाकण घट्ट केलं. मग उठून पुढच्या चाकाशी गेला आणि ब्रेकची तार एकदा ओढून सोडली.

"उतारावर आधी मागचा ब्रेक दाब," तो म्हणाला. "मग फुडचा. एकदम दाबू नगंस."

चांगदेवने मान हलवली.

पंप परत करून अमजद स्टँडवर गेला. जुन्नरची जीप लागली होती, पण भरली नव्हती. तो मागच्या बाकावर आतल्या अंगाला बसला. एक बाई दोन मुलांना घेऊन चढली, मग कोंबड्या घेतलेला एक म्हातारा, मग आणखी दोघं. घरी हाजराबी विचारणार होती. काय सांगायचं ते त्याने जुळवून पाहिलं, पण जुळलं नाही.

ड्रायव्हरने मागच्या दारातून डोकं आत घातलं.

"पावणं, जरा सरका. अजून एक बसंल."

अमजद सरकला.