पोवळी मी खाल्ली नाहीत

मी एक फुलपाखरू मासा आहे. अंगावर तांबूस पट्टे, तोंड चिमट्यासारखं लांब. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी चोर नाही!

समुद्रात खडकांच्या फटींतून किडे टिपत माझं बरं चाललं होतं. मग जाळं आलं, पिशवी आली, दुकान आलं. तिथे एक दंतवैद्य बायकोसह आले. घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत त्यांनी जिवंत पोवळी जोपासली होती, पण त्यांच्यामध्ये फुलांसारखे दिसणारे, डंख मारणारे तपकिरी जीव तणासारखे माजले होते. दुकानदार म्हणाला, "हा घेऊन जा. तण साफ करेल आणि पोवळ्यांना तोंड लावणार नाही. याच्या भाऊबंदांची गोष्ट वेगळी, ते पोवळी फस्त करतात."

दोन महिन्यांत मी तणाचा मागमूस ठेवला नाही. डॉक्टर येईल त्या पाहुण्याला टाकीपुढे उभं करायचे. "एक नंबर मासा आहे!" मीही ऐटीत एक फेरी मारायचो.

तण संपलं, तसं माझं जेवणही संपलं. डॉक्टर वरून कोरडा चुरा टाकायचे. तो मला गिळवेना. खडकांतल्या एखाददुसऱ्या किड्यावर मी कसेबसे दिवस काढायचो. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा हा माणूस, पण माझ्या तोंडात काही जातंय का, हे त्याने एकदाही पाहिलं नाही!

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आटू लागलं. डॉक्टर रोज मापाने मीठ कालवून खारं पाणी ओतायचे. हळूहळू माझं अंग चुरचुरू लागलं. पोवळीही अंग आक्रसून मिटून बसली. डॉक्टरांनी चष्मा सावरला आणि निकाल दिला, "हाच कुरतडतोय. भाऊबंदांच्या वळणावर गेलाच शेवटी."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला भोकाभोकांच्या प्लॅस्टिकच्या डबीत कोंडून टाकीच्या कोपऱ्यात लटकवलं. रविवारी दुकानात परत द्यायचं ठरलं. उपाशीपोटी तो प्रवास मला झेपला नसता. मला कोंडल्यावरही पोवळी मिटलेलीच होती, हे यांच्या डोक्यात येऊ नये?

शनिवारी डॉक्टर पुन्हा बादली घेऊन आले. बायको मागेच उभी होती.

"अहो, आटतं ते पाणीच ना?"

"मग?"

"मग खारं पाणी कशाला ओतताय? आधीचं मीठ आतच राहतंय. रस्सा आटला तर आपण वरून पाणी घालतो, पुन्हा मीठ घालतो का?"

डॉक्टरांनी खारेपणा मोजायचं यंत्र आणलं. मोजून पाहिलं, तर पाणी भलतंच खारट झालेलं.

परत पाठवणं रद्द झालं. चार-पाच दिवस ते थोडं थोडं गोडं पाणी मिसळत राहिले. पोवळी उमलली. डॉक्टरांनी त्यांचे फोटो काढले. आणि मी? मी डबीतच! शेवटी बाईच ओरडल्या, "आधी त्या बिचाऱ्याला सोडा. पोट बघा कसं खपाटीला गेलंय!" त्यांनीच दुकानदाराला फोन करून माझं खाणं विचारलं आणि एक ताजा शिंपला उघडून खडकात ठेवला. मी त्यावर तुटून पडलो.

काल पाहुणे आले होते. डॉक्टर म्हणाले, "मध्ये जरा बिघडला होता, आता सुधारलाय."

सुधारलाय? मी? अहो, पाणी तुम्ही बिघडवलंत!

मित्रांनो, मुका जीव घरी आणाल, तर तो काय खातो ते आधी विचारा. काही बिनसलं, तर आधी आपलं काय चुकलं ते बघा. शिंपल्याने माझं पोट भरलं, पण नावाला लागलेला बट्टा शिंपल्याने निघत नाही. तो ज्याने लावला, त्यानेच चारचौघांत "चुकलं माझं" म्हणून पुसायचा असतो.