बकुळाची बेरीज

जानेवारी छप्पनमधल्या त्या कर्फ्यूचे उपकार मानणारी अख्ख्या घोडपदेवात मी एकटीच असेन. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर जाहीर झालं आणि शहर पेटलं. गिरण्या बंद, शाळा बंद, रस्त्यावर पोलिसांच्या लॉऱ्या. गोळीबारात ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांच्यासमोर हे बोलायची माझी छाती नाही. पण त्याच दिवसांत आमची बकुळा वाचली, हेही तितकंच खरं.

बकुळा म्हणजे माझ्या दादाची, सीतारामची मुलगी. वय आठ, इयत्ता दुसरी. लहानपणी ती मालवणकडे गावी आजी-आजोबांजवळ वाढली आणि शाळेसाठी मुंबईला आली. वाचायची घडाघडा, कविता तोंडपाठ, पाढे तर असे म्हणायची की शेजारच्या रखमाबाई भांडी घासायच्या थांबून ऐकत. पण बेरीज-वजाबाकी घातली की सगळं चूक. एखादं नाही, सगळं. गेल्या वर्षी गणितापायीच ती दुसरीत राहिली आणि यंदाच्या सहामाहीलाही तोच प्रकार झाला. पाढे येतात म्हणजे डोकं आहे, तरी गणित चुकतं म्हणजे लक्ष नाही, असा गुरुजींचा हिशेब. त्या हिशेबाच्या छड्या पोरीच्या हातावर उमटायच्या.

शेवटी दादाने निकाल देऊन टाकला. वार्षिक परीक्षेत पुन्हा नापास झाली तर बकुळा गावी जाईल, आजीला मदत करील, शेळ्या राखील. आमच्या वाडीला शाळा डोंगरापलीकडे, म्हणजे गाव धरलं की पाटी सुटली, हे न बोलता सगळ्यांना कळलं. वहिनीने पदराने डोळे पुसले, पण दादापुढे ब्र काढला नाही. तो मी काढला. मी गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात काम करते, सातवी पास आहे आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. "पोरीला मी शिकवते," मी म्हटलं, "बघू कशी नापास होते ती!"

बोलून बसले खरी. पण गिरणीतून यायचं, पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या आणि मग शिकवायचं कधी? ती तोंडातल्या तोंडात पुटपुटून उत्तर लिहायची, मी ते खोडून बरोबर उत्तर सांगायची आणि दोघी वैतागून उठायचो. गुरुजींपेक्षा मी फार वेगळं काही करत नव्हते, फक्त माझ्या हातात छडी नव्हती.

मग कर्फ्यू लागला आणि आम्ही सगळेच एका खोलीत अडकलो. मोर्चातून परतलेला दादा दारात बसून विड्या फुंकत होता. माझे वडील, कोंडीराम, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले होते. ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून भिंतीला टेकले होते. करायला दुसरं काहीच नव्हतं. मी पाटी काढली.

"आठ आणि पाच?"

बकुळाने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला, ओठ हलवले. "बारा."

"तेरातून पाच गेले?"

"नऊ."

मी विचारत गेले, ती चुकत गेली. माझं डोकं तापलं. पण उठून जायला जागाच नव्हती, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी खोडायच्या आधी ती उत्तरं नीट पाहिली. बेरीज केली की एकाने कमी, वजाबाकी केली की एकाने जास्त. प्रत्येक वेळी. लक्ष नसलेली पोर इतकी शिस्तीत कशी चुकेल?

"पुन्हा कर. आठ आणि पाच."

एवढ्यात खाली पोलिसांची लॉरी आली आणि सगळी चाळ चिडीचूप झाली. पाळण्यातली पोरंसुद्धा गप्प. त्या शांततेत बकुळाचं पुटपुटणं मला पहिल्यांदा ऐकू आलं. पहिल्या पेरावर अंगठा ठेवून ती म्हणाली, "लाभ." मग पुढच्या पेरांवर, "नऊ, दहा, अकरा, बारा."

"लाभ?" मी ओरडलेच. वहिनीने माझ्या तोंडावर हात ठेवला. लॉरी पुढे जाईपर्यंत मी कशीबशी दम धरून बसले.

"लाभ कशाला म्हणालीस गं?"

पोर घाबरली. "पयला देवाचा असता. ता मोजूचा नाय."

बाबा भिंतीपासून सरळ झाले. "देवाचा? ह्या तुका कोणी सांगल्यान?"

"तुम्हीच तर म्हणायचात, आजो. खळ्यार भात मापताना."

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे मळणी झाली की भात मापतात, तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पहिलं माप देवाच्या नावाचं, घरात बरकत यावी म्हणून. मग दोन, तीन, चार. हे मला ठाऊक होतं, माझ्या आईला, तिच्या आईलाही ठाऊक होतं. पण बकुळा शाळेत आली, तिथे तिला एक, दोन, तीन शिकवलं. तिने कुणालाच दुखावलं नाही. आधी आजोबांचा लाभ ठेवला आणि त्याच्यानंतर गुरुजींची मोजणी सुरू केली, म्हणून पहिलं पेर दर वेळी मोजायचं राहून जायचं.

"अगो बाय माजे," बाबा म्हणाले, "लाभ म्हणजेच एक. तो मोजूचो."

"मगे एक म्हणूचाच नाय?"

"खळ्यार म्हणू नको. पाटयेर खुशाल म्हण."

बकुळाने जरा विचार केला आणि पहिल्या पेरावर अंगठा ठेवला. "नऊ. दहा, अकरा, बारा, तेरा." मग माझ्याकडे पाहिलं. मी पाटीवर दुसरी बेरीज लिहिली. बरोबर. वजाबाकी लिहिली. बरोबर. हातच्याची घातली, तीही बरोबर. दादा दारातून उठून आला आणि स्वतःच्या बोटांवर मोजून पाहू लागला. मला इतकं हलकं वाटलं की हसू फुटलं, आणि हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही. महिनोन्महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला होता. वहिनी देवासमोर साखर ठेवायला उठली.

बकुळा मात्र पाटी मांडीवर घेऊन आपली पेरं न्याहाळत होती.

"आत्या," तिने विचारलं, "म्हणजे माझं एकच चुकत होतं?"

"हो गं राणी, एकच."

"मग छड्या सगळ्या गणितांच्या का?"

दादाने तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, तळवा उलटा-सुलटा करून पाहिला आणि किती तरी वेळ सोडला नाही.

"परीक्षा अजून व्हायची आहे," मी जपून म्हटलं.

"होवंदे," दादा म्हणाला. "पास होवंदे नायतर नापास होवंदे. माजा चेडू शाळेतच जातला."