दाराखालचं पाकीट

सुतारदादाच्या कारखान्यात रविवारी रंधा निजायचा आणि प्रार्थना जागी व्हायची. शनिवारी भुसा झाडून लांब मेजावर पांढरं कापड अंथरलं, की झाली वेदी. मोठ्या चर्चमध्ये नवं प्रार्थनापुस्तक आलं, प्रभुभोजन गुडघ्यांऐवजी उभ्याने सुरू झालं आणि मंडळी फुटली. जुनं पुस्तक उराशी धरून तीस जणं बाहेर पडली. पुढे तीही आपापसांत फुटली. आता उरली होती बोटांवर मोजण्याइतकी.

त्यांतली शिंपीण-अक्का आज सकाळपासून बेचैन होती. एक डोळा केव्हाच गेलेला, दुसऱ्याचं उद्या ऑपरेशन. त्याआधी, दिसत असताना, एकदा प्रभुभोजनाची भाकर घ्यायची, एवढंच तिचं मागणं.

आणि नेमका आजच करड्या कोटातला एक अनोळखी माणूस मागच्या बाकावर येऊन बसला होता.

"कोण रे हा?" अक्काने सुतारदादाला कोपराने ढोसलं.

"मला काय ठाऊक? दार उघडलं तर समोर उभा. म्हणाला, उपासनेला आलोय."

"उपासनेला! बूट बघ त्याचे. एवढे चकचकीत बूट घालून भुशात कोण येतं? बिशपसाहेबांच्या कचेरीतला आहे, लिहून घे."

"अक्का, तुला कालपासून खिळ्यातसुद्धा बिशप दिसतोय."

कालपासून, हे मात्र खरं. काल कापड अंथरायला ती आली, तर दाराखाली एक बंद पाकीट. वर बिशपसाहेबांच्या धर्मप्रांताची मोहोर. अक्काच्या मनात पाल चुकचुकली. इथल्या पाळकसाहेबांना कारखान्यातली उपासना थांबवण्याचा हुकूम निघणार, अशी कुजबुज महिनाभर चालली होती. हुकूम हातात पडला, की तो सरळमार्गी म्हातारा पुस्तक मिटणार, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने पाकीट न उघडता कापडांच्या पेटीत, अगदी तळाशी सारलं. एका दिवसाचा तर प्रश्न! उपासना झाली की देऊ.

पाळकसाहेब आले. पाहुण्याकडे बघून हसले. तोच अक्का उठली.

"साहेब, यांनी काल नाव कळवलंय का? भोजन घेणाऱ्याने आदल्या दिवशी पाळकाला नाव कळवावं, असं आपल्या पुस्तकात आहे."

"आहे, अक्का." त्यांचं हसू मावळलं. "माझ्याकडे नाव आलेलं नाही. मग हे मोजणीत धरता येत नाहीत. सुतारकाकू कुठे?"

"सुनेबरोबर मोठ्या चर्चला," सुतारदादा जमिनीकडे बघत म्हणाला. "तिथली नवी गाणी गोड आहेत म्हणे."

"म्हणजे तुम्ही दोघंच. पाळकाखेरीज निदान तिघे नसतील तर भाकर मोडायची नाही, हेही त्याच पुस्तकात आहे."

अक्का खाली बसली. परक्याचा कोट कापायला गेली, आणि कात्री आपल्याच कापडावर चालली.

"मी कळवलं होतं," मागून आवाज आला. पाहुणा उभा राहिला होता. "काल दुपारी. पाकीट दाराखालून आत सरकवलं."

अक्काने कापडांच्या पेटीकडे पाहिलं. खरं बोलतोय? की हा गळ? पाकीट उघडावं आणि आतून हुकूम निघावा, हाच त्याचा डाव असला तर? न द्यावं, तर दोघंच. द्यावं, तर कदाचित कुणीच नाही. शेवटी ती उठली, पेटीचा तळ गाठला.

"हे काल सापडलं. मीच दडवलं. हुकूम असेल असं वाटलं मला."

सुतारदादाने पुढे केलेल्या पटाशीने पाळकसाहेबांनी पाकीट फोडलं. आत एका माणसाचं नाव आणि खाली एकच ओळ: उद्या गुडघे टेकून भोजन घ्यायची इच्छा आहे.

"पण मोहोर कचेरीची!" अक्का म्हणाली.

"मी तिथे टायपिस्ट आहे, बाई. हाताशी तेच पाकीट होतं."

"आणि हुकूम?"

"मंगळवारी टाइप करायचाय. म्हणूनच आज आलो."

पाळकसाहेबांनी चष्मा पुसून पुसून डोळ्यांवर चढवला.

"मंगळवार अजून यायचाय," ते म्हणाले, आणि त्यांनी पुस्तक उघडलं.

पापांगीकाराला, पापं कबूल करायच्या प्रार्थनेला, सगळ्यांनी गुडघे टेकले, डोळे मिटले. अक्काने आपला डोळा उघडाच ठेवला, करड्या कोटावर. त्याच्या हाती पुस्तक नव्हतं. ओठ मात्र चालले होते, एकही शब्द न चुकता, लहानपणी पाठ केल्यासारखे. अक्काने डोळा मिटला. मग पुन्हा किंचित उघडला.

बुटांना आता भुसा लागला होता.